अकरा मिनिटांनंतरचा भाग

यशवंत बोरसे गेल्या वर्षी होळीनंतरच्या गुरुवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, सुरतेत डिंडोलीतल्या राहत्या घरी वारले. वय बहात्तर. पलसाण्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये ते तेहेतीस वर्षं डाइंग मास्तर होते. कापडाला रंग देणारं खातं त्यांच्या हाताखाली होतं. पत्नी मंगलाबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी नवसारीला दिलेली. घरात एक डीव्हीडी रेकॉर्डर होता आणि लोखंडी कपाट भरून डिस्क होत्या. त्यांच्या वहीत शेवटच्या डिस्कचा क्रमांक सहाशे एकेचाळीस आहे.

मी त्यांच्या समोरच्या रो-हाऊसमध्ये राहतो. एका मराठी दैनिकाच्या सुरत कचेरीत बातमीदार होतो. खालची माहिती मी पाहिलेली आहे, नाहीतर ज्यांनी पाहिली त्यांच्याकडून घेतलेली आहे.

त्यांना सगळे मास्तरच म्हणत. अंगाने बारीक, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, नखांच्या कडेला कसला ना कसला रंग. सोमवारी निळा दिसला की आठवड्याचा लॉट निळा, असं मंगलाबाई सांगत. कोणताही रंग घरातल्या उजेडात बघायला ते तयार नसत. शेजारी कुणी साडी आणली, कुणी मुलाच्या लग्नासाठी पडदे घेतले, की मास्तरांना दाखवायला येत. मास्तर वस्तू हातात घेऊन आधी दाराबाहेर जात, उन्हात धरत आणि मग मत देत. मत बहुतेक वेळा एका शब्दाचं असे. "फिका." किंवा "चालशे," म्हणजे चालेल. टीव्ही घेतला तेव्हा त्यांनी मिलमधून लाल, हिरव्या आणि पिवळ्या कापडाचे नमुने आणले, पडद्याशेजारी धरले आणि तासभर रंगाची बटणं फिरवत बसले. त्यांच्या टीव्हीवर माणसांचे चेहरे इतरांपेक्षा सावळे दिसत. ते खरे चेहरे आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

रेकॉर्डर त्यांनी घेतला तो गावासाठी. त्यांचं गाव अमळनेरपासून बारा किलोमीटरवर. त्या वर्षांत तिकडे संध्याकाळी सहा ते दहा वीज नसे. नेमक्या त्याच वेळात सगळ्या मराठी मालिका लागत. सुरतेत वीज जात नव्हती. गावातल्या बायका सुरतेला फोन करून विचारायच्या, काल काय झालं? इथल्या बायका सांगायच्या, पण त्यात अर्धा वेळ कोण कोणाची कोण लागते याचाच घोळ. मास्तरांची थोरली बहीण शेवंताअक्का गावात होती. ती एकदा फोनवर म्हणाली, सांगून काही दिसत नाही. पुढच्या महिन्यात मास्तर रेकॉर्डर घेऊन आले.

काम त्यांनी मिलसारखं बांधून घेतलं. अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती काढल्या की बावीस मिनिटं उरतात. सोमवार ते शुक्रवार पाच भाग, एकशे दहा मिनिटं. एक मालिका, एक आठवडा, एक डिस्क. घड्याळ लावून यंत्र आपोआप चालवता येत होतं, पण मग जाहिरातीही उतरत. "अर्धी डिस्क साबणानेच भरायची तर पाठवायची कशाला?" म्हणून पहिल्या पाळीहून आले की ते टीव्हीसमोर लाकडी स्टुलावर बसत, हातात रेकॉर्डरचा रिमोट, आणि जाहिरात सुरू होण्याच्या क्षणी पॉजचं बटण दाबत. जाहिरात संपली की पुन्हा दाबायचं. कॅमेरा एकाच चेहऱ्यावर रेंगाळला आणि मागचं संगीत चढलं की जाहिरात आलीच, हे ते ओळखत. त्यांचा अंगठा अर्धा सेकंद आधीच तयार असे.

"घरमा मानसं दोन, अन् रिमोट चार," मंगलाबाई म्हणत. त्या घरात दोघंही अहिराणीच बोलत.

एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. मास्तरांना एकाही मालिकेची गोष्ट माहीत नव्हती. मी एकदा विचारलं, त्या सावकाराच्या मुलीचं लग्न शेवटी झालं का? ते म्हणाले, "कोणती मुलगी?" ती मालिका त्यांनी दीड वर्ष उतरवली होती. ते फक्त कडा बघत. भाग कुठे तुटतो आणि कुठे जुळतो, एवढंच.

शुक्रवारी डिस्क बंद करायची. हे यंत्रातलं एक वेगळं काम असतं. ते केलं नाही तर डिस्क ज्या यंत्रावर भरली त्याच्याशिवाय कुठेही चालत नाही. मास्तर त्याला "रंग पक्का करणं" म्हणत. पक्की झालेली डिस्क मंगलाबाई कापडी पिशवीत घालत. पिशव्या त्या मिलच्या चिंध्यांतून शिवत आणि प्रत्येक मालिकेला एक रंग ठरलेला होता. गावात मालिकांची नावं कोणी घेत नसे. जांभळीचं काय झालं, लालवाली आली का, असं बोलत.

शनिवारी मास्तर पिशव्या घेऊन उधना स्टेशनवर जात. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर लागली की डब्याडब्यातून विचारत, "अमळनेर कोण?" कोणी ना कोणी असेच. लूमवर काम करणारे, सणाला निघालेले, बाळंतपणाहून परतणाऱ्या बायका. ओळख लागत नसे. पिशवी हातात द्यायची आणि भाच्याचं नाव सांगायचं: दिलीप, स्टेशनबाहेर सायकल घेऊन उभा असतो. मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे चार वर्षांत एकच पिशवी चुकली. ती जळगावला गेली आणि तिसऱ्या दिवशी परत अमळनेरला आली, सोबत चिठ्ठी: "आम्ही पाहिली. माफ करा." रिकाम्या पिशव्या परत येत त्या रिकाम्या नसत. अक्का त्यात मूठभर तीळ घाली, चार सुक्या मिरच्या, कधी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. त्यांचा प्रवासात चुरा होई. मास्तर तो चुरा चहाबरोबर खात.

गाव अशा रीतीने सुरतेच्या आठ दिवस मागे चालत होतं. त्यावरून एक नियम पडला: पुढचं सांगायचं नाही. सुरतेतून गावाला फोन करताना लग्न, मरण, पाऊस, सगळं बोलायचं, मालिकेचं नाही. गुलाब नावाच्या लूम कामगाराने तो एकदा मोडला. जांभळीतल्या सुनेला घराबाहेर काढणार, हे त्याने आईला फोनवर सांगितलं आणि आईने दुपारपर्यंत गल्लीला सांगितलं. रविवारी मास्तरांनी त्याला घरी बोलावून घेतलं. मी तेव्हा तिथे पेपर वाचत होतो.

"गुलाब, शेठला तू अर्धा विणलेला ताका दाखवतो का?"

"नाही मास्तर."

"का नाही?"

"पुरा झाल्याशिवाय कसा दाखवू?"

"मग?"

गुलाब मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, पण तिला खरंच काढणार आहेत का? का परत घेतील?"

"मला काय माहीत," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं. आतून मंगलाबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

शेवंताअक्का मास्तरांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी, त्यांना येशा म्हणणारी एकटीच. त्यांची आई मास्तर तीन वर्षांचे असताना गेली. अक्काने त्यांना वाढवलं, लग्न झाल्यावर सासरी बरोबर नेलं, शाळेत घातलं. सासर त्याच गावात होतं म्हणून ते जमलं. एकोणिसाव्या वर्षी मास्तर सुरतेला आले. ही माहिती मला त्यांच्या भाच्याने दिली. मास्तरांनी बहिणीविषयी माझ्याशी केलेलं सर्वांत मोठं विधान असं होतं: "अक्काची नजर चांगली आहे. तिला रंग घरातही कळतो."

बारा-तेरा वर्षांपूर्वी श्रावणात एका मराठी वाहिनीचे लोक अमळनेरला आले. घरगुती सणांच्या गाण्यांवर त्यांचा रविवारचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता. त्यांना कानबाईची गाणी हवी होती. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते आणि बायका रात्रभर गातात. गावातल्या चौदा बायका गेल्या. अक्काचा आवाज त्यांना आवडला आणि तिला एकटीला वेगळं बसवून गायला लावलं.

कार्यक्रम कोणत्या रविवारी लागणार ते दोन आठवडे आधी कळलं. संध्याकाळी सात वाजता. गावात तेव्हा वीज नसणार. मास्तरांनी अक्काला सुरतेला यायला सांगितलं. फोन स्पीकरवर होता. अक्का म्हणाली, "बठ्या बाया आठे, अन् मी एकलीच तठे यीसन देखू का?" चौदा जणी गेल्या होत्या, बघायचं तर सगळ्यांनी मिळून. "तू डिस्क धाड. आम्ही सोमवारी देखसूत."

त्या रविवारी मास्तरांनी नवी डिस्क घातली. सकाळी एकदा पाच मिनिटं भरून तपासली. मंगलाबाईंनी पिशवीसाठी त्या दिवसापुरता वेगळा रंग काढला, केशरी. सातला मीही माझ्या घरी तो कार्यक्रम लावला होता, त्यामुळे पुढचा क्रम मी खात्रीने सांगू शकतो. पहिल्या भागात सणाची माहिती, नैवेद्याचे रोट, कानबाईची मांडणी, मग चौदा बायकांचं एकत्र गाणं. अकरा मिनिटांनी जाहिराती लागल्या. मास्तरांनी पॉज दाबलं.

जाहिराती संपल्यावर पडद्यावर थेट अक्काचा चेहरा आला. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. ती एकटी गात होती. गाणं साडेचार मिनिटं चाललं. दुसऱ्या कडव्यात ती एक ओळ विसरली, हसली, आणि मागच्या ओळीपासून तिने पुन्हा उचललं. ते वाहिनीवाल्यांनी कापलं नव्हतं. गाणं संपल्यावर निवेदिकेने विचारलं, हे कुणाकडून शिकलात? अक्का म्हणाली, आईकडून. आई लवकर गेली. धाकटा भाऊ तीन वर्षांचा होता, झोपत नव्हता. त्याला निजवायला म्हणत राहिले, म्हणून विसरले नाही. मग आणखी दोन गावं दाखवली आणि कार्यक्रम संपला.

मास्तरांनी पॉज पुन्हा दाबलं नव्हतं. रिमोट त्यांच्या गुडघ्यावर होता. यंत्र पाच मिनिटं थांबून राहतं आणि मग आपोआप बंद होतं. ते बंद झालं. नावांची पाटी सरकायला लागली तेव्हा मंगलाबाईंनी विचारलं, "ओ, ते चालू शे ना?" हे मला मंगलाबाईंनी सांगितलं. मास्तर काय म्हणाले, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "उठून पाणी प्यायले."

चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा कार्यक्रम पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी ते मिलला गेले नाहीत. रविवारचे कार्यक्रम सोमवारी दुपारी पुन्हा लागत. ते बारा वाजल्यापासून स्टुलावर बसले होते. त्या वेळेला वाहिनीने दुसरंच काही लावलं. मंगळवारीही ते बसले.

डिस्क खराब निघाली, असं सांगून भागलं असतं. मंगलाबाईंनी तसं सुचवलंही. मास्तरांनी अकरा मिनिटांची डिस्क पक्की केली, केशरी पिशवीत घातली आणि बुधवारी स्वतः घेऊन गेले. पुढचं दिलीपने सांगितलेलं आहे. वीज सकाळी अकराला आली. ओट्यावर टीव्ही मांडला होता. चौदा बायका आणि उरलेलं गाव. एकत्र गाणं झालं, बायकांनी एकमेकींना ओळखून आरडाओरडा केला आणि पडदा निळा झाला. कोणी म्हणालं, अडकली. कोणी म्हणालं, पुसून घाला. मास्तर उठून टीव्हीशेजारी उभे राहिले.

"अडकली नाही," ते म्हणाले. "माझ्याकडून राहिलं. पुढचं मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. लुगड्याचा हिरवा कोणता, ते सांगितलं: कडुनिंबाच्या कोवळ्या पानाचा नाही, जुन्या पानाचा. कॅमेरा आधी चेहऱ्यावर होता, मग हातावर गेला, हातात टाळ नव्हता तरी बोटं ताल धरत होती. कोणती ओळ विसरली आणि कशी हसली. चौदा बायकांपैकी कोणी तरी विचारलं, मी होते का मागे? मास्तर म्हणाले, होतीस, डाव्या बाजूला, नाकाला पदर लावून. दिलीपच्या अंदाजाने ते वीस मिनिटं बोलले. आपल्या मामाला एवढं बोलताना त्याने आधी कधी ऐकलं नव्हतं.

अक्का पुढे बसली होती. गाणं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मंग? मंग तिनं काय इचारं?"

"मंग पाटी उनी," मास्तर म्हणाले. म्हणजे मग नावांची पाटी आली.

तो सवालजवाब कार्यक्रमात दाखवला होता, हे मला माहीत होतं, मंगलाबाईंना माहीत होतं. मास्तरांनी तो सांगितला नाही. अक्काने उत्तर दिलं होतं आणि ते टीव्हीवर आलं की नाही, हे तिला जाणून घ्यायचं होतं. दिलीपच्या समजुतीप्रमाणे वाहिनीने तो कापला. तशीच अक्काचीही समजूत झाली. ती एवढंच म्हणाली, "कापं व्हई."

मास्तरांनी वाहिनीला अर्ज लिहिला. तो त्यांनी मला तपासायला दिला म्हणून विषय आठवतो: "अकरा मिनिटांनंतरचा भाग मिळणेबाबत." खाली कार्यक्रमाचं नाव, वार, वेळ, लुगड्याचा रंग. मी म्हटलं, रंगाची गरज नाही. ते म्हणाले, "शोधताना उपयोग होईल." तीन अर्ज गेले. उत्तर आलं नाही. मग मी कचेरीतून मुंबईला फोन केला. पलीकडच्या माणसाने भागाचा क्रमांक विचारला, तो आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या वेळी सांगितलं की एवढ्या जुन्या टेप आता मिळत नाहीत. मास्तर समोरच्या खुर्चीत बसले होते. मी फोन ठेवला. त्यांनी विचारलं, "जुन्या म्हणजे? अजून वर्षसुद्धा नाही झालं."

त्या रविवारनंतर त्यांनी एकही जाहिरात कापली नाही. यंत्र घड्याळावर लावायचं आणि रिमोट टीव्हीवर ठेवून द्यायचा. गावाहून तक्रार आली, डिस्कवर साबण फार. मास्तरांनी उत्तर दिलं, पुढे ढकला. गावात संध्याकाळची वीज आल्यावर डिस्क लागेनाशा झाल्या. मंगलाबाईंनी पिशव्यांच्या चिंध्यांची गोधडी शिवली. मास्तरांचं रेकॉर्डिंग मात्र थांबलं नाही. सणांचा कार्यक्रम कधी तरी पुन्हा दाखवतील म्हणून रविवार संध्याकाळ आणि सोमवार दुपार, दोन वेळा यंत्र लावलेलं असे. वहीत तारखेपुढे ते "नाही" लिहीत. डिस्कसाठी ते उधन्यापासून जुन्या शहरातल्या चौकापर्यंत हिंडत. शेवटचा दुकानदार मला म्हणाला, "आखा सुरतमां एक मास्तर ज ले छे." अख्ख्या सुरतेत घेणारे ते एकटेच. मोबाइलवर सगळं मिळतं, असं मी त्यांना सांगितलं आणि शोधूनही दाखवलं. त्या कार्यक्रमाचे बरेच भाग मिळाले. गणपतीचा, गौरीचा, बैलपोळ्याचा. कानबाईचा मिळाला नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी अक्काचं विसरणं सुरू झालं. आधी दिवस, मग नावं. कार्यक्रम मात्र तिच्या लक्षात राहिला, आणि तो आपण पाहिलेला नाही हेही. मास्तर निवृत्त झाले होते. ते महिन्यातून एकदा पॅसेंजरने जात, दोन दिवस राहत. गेल्यावर ती विचारी आणि ते सांगत. दिलीप म्हणतो, दर खेपेला सांगणं थोडं वाढे. लुगड्याच्या काठाचं नक्षीकाम आलं, मागे उभ्या बकरीचं आलं. शेवट तोच. "मंग तिनं काय इचारं?" "मंग पाटी उनी." मंगलाबाई गेल्यानंतरही तो बदलला नाही. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, तेवढं का सांगत नाही? ते म्हणाले, "तेवढं मला सांगता येत नाही. तेवढं दाखवायचं होतं."

मी त्यांना शेवटचं होळीच्या आदल्या दिवशी पाहिलं. गावाहून परत आले होते. गेटपाशी उभं राहून शेजाऱ्याच्या नव्या स्कूटरचा रंग उन्हात बघत होते. मला पाहून म्हणाले, "ह्याला लोक राखाडी म्हणतात." पुढच्या गुरुवारी ते गेले. दिलीप दुपारच्या आत पोचला. अक्काला प्रवास झेपणार नव्हता. तिला गावी दोनदा सांगण्यात आलं, दोन्ही वेळा ती रडली, आणि दोन्ही वेळा विसरली.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेनऊला दिलीपचा फोन आला. अक्काने कार्यक्रमाचं विचारलं होतं. त्याने मामासारखं सांगायचा प्रयत्न केला. शेवटी तिने तोच प्रश्न केला, आणि त्याने पाटी आली म्हटल्यावर ती ऐकेना. तो म्हणाला, "काका, तुम्ही पाहिलं होतं ना? पुढे खरंच पाटी आली का?"

पाटी लगेच आली नाही, असं मी म्हटलं. त्याने फोन स्पीकरवर टाकून तिच्यापुढे धरला. मी निवेदिकेचा प्रश्न सांगितला आणि तिचं उत्तर सांगितलं: आई लवकर गेली, भाऊ झोपत नव्हता, त्याला निजवायला म्हणत राहिले, म्हणून विसरले नाही. हे सगळं टीव्हीवर दाखवलं, असंही सांगितलं.

ती म्हणाली, "हां. आसंच बोलनू मी."

मग थोडा वेळ फोनवर भांड्यांचा आवाज येत होता. नंतर तिने दिलीपला विचारलं, "हाई येशाले माहीत शे का?"

दिलीप म्हणाला, "शे."